ऐंशी किलोंवर अडकलेला सोमवार

वाचकाचे पत्र, थोडक्यात : नाशिकजवळच्या एका कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या २९ वर्षांच्या वाचकाचे हे पत्र आहे. ते सव्वादोन वर्षे नियमितपणे व्यायामशाळेत जात आहेत. वजन ६८ किलो. पहिल्या वर्षात त्यांचा बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून रॉड छातीवरून वर ढकलणे) नुसत्या रॉडपासून ७० किलोंपर्यंत गेला, पुढच्या सहा महिन्यांत ८० झाला आणि त्यानंतर आठ-नऊ महिने तो तिथून हललेला नाही. दर सोमवारी छातीचा व्यायाम असतो आणि क्रम ठरलेला आहे : ४० किलोंचे १२ रेप (रॉड एकदा खाली आणून वर नेला की एक रेप), ५० चे १०, ६० चे १० (दहावा कसाबसा जातो), ७० चे ३, ७५ चा १, ८० चा १ आणि शेवटी जोडीदाराच्या सपोर्टने ८२.५ चे २. त्यानंतर छातीचेच आणखी चार व्यायाम : इनक्लाइन (तिरप्या बेंचवर डोके वर), डिक्लाइन (डोके खाली), डंबेल फ्लाय आणि केबल. अलीकडे उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखू लागला आहे. सोबत सुरुवात केलेला मित्र ९५ किलोंवर पोहोचला आहे. घरी शाकाहार आहे, येत्या हिवाळ्यात लग्न ठरले आहे. प्रशिक्षकांनी सुचवले आहे, "तुझ्या शरीराची मर्यादा आली, आता एक कोर्स करून टाक." कोर्स म्हणजे इंजेक्शने. वाचक विचारतात, "माझ्या शरीराची ठेवणच अशी आहे का? सगळे वेळापत्रक बदलू का? की सर म्हणतात तसे करू?"

तुम्ही सोमवारचा क्रम आकड्यांसह लिहून पाठवलात, हे फार बरे केलेत. ‘ताकद अडकली आहे’ एवढेच लिहिलेले पत्र आले की उत्तर देणाऱ्याला अंधारात चाचपडावे लागते. तुमच्या बाबतीत बरेचसे उत्तर त्या एका ओळीतच आहे, म्हणून खाणे, झोप, खांदा आणि इंजेक्शन हे सगळे थोडे बाजूला ठेवून आधी त्या ओळीकडेच पाहू.

६० किलोंचा दहावा रेप कसाबसा जातो, असे तुम्ही लिहिले आहे. एखादे वजन जास्तीत जास्त किती वेळा उचलता येते यावरून एका रेपची कमाल ताकद काढण्याचा एक साधा हिशेब व्यायामक्षेत्रात वापरतात : रेपची संख्या भागिले तीस, त्यात एक मिळवायचा आणि आलेल्या आकड्याने वजनाला गुणायचे. ६० किलोंच्या १० रेपना हा हिशेब लावला तर उत्तर बरोबर ८० येते. याचा अर्थ असा की ८० किलोंना हात घालण्यापूर्वी तुम्ही त्याच तोडीचा एक प्रयत्न आधीच करून मोकळे झालेले असता, तोही त्याआधीच्या २२ रेपनंतर. ज्याला तुम्ही वॉर्मअप समजता तो वॉर्मअप नाही, तो त्या दिवसाचा सर्वांत थकवणारा सेट, म्हणजे सलग केलेल्या रेपचा गट, आहे. एवढे होऊनही तुम्ही ८० उचलता, त्याअर्थी ताजेतवाने असताना ८२.५ किलो तुम्ही कदाचित आजही उचलाल. तेव्हा ‘आठ महिने मी वाढलोच नाही’ या गृहीतकाबद्दल मला पहिली शंका आहे. आठ महिने तुम्ही थकलेल्या अवस्थेत एकच आकडा मोजत आहात, आणि तो आकडा वाढलेला नाही, इतकेच आपल्याला खात्रीने म्हणता येते.

आता त्याच ओळीतली दुसरी गोष्ट. तुमच्या कमाल ताकदीच्या ऐंशी टक्के म्हणजे साधारण ६५ किलो. त्याहून जड वजनाचे, कोणाचाही हात न लागता केलेले रेप मोजा : ७० चे तीन, ७५ चा एक, ८० चा एक. आठवड्याला पाच. ८२.५ चे दोन मी धरलेले नाहीत, कारण ते किती तुमचे आणि किती जोडीदाराचे हे देवालाच ठाऊक. ‘हात नुसता लावून ठेवला होता, उचललं तूच’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक व्यायामशाळेत दर सोमवारी ऐकू येते, आणि ते म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण वर उभ्या असलेल्या माणसाने दोन हातांनी पाच-सात किलो ओढून घेतले तरी ते त्याला जाणवतही नाही. जड वजन पेलण्याची ताकद जड वजन पुरेशा वेळा आणि नीट उचलल्याने वाढते. आठवड्याला पाच रेप हा त्यासाठी फार तुटपुंजा खुराक आहे. पुढे फ्लाय, केबल वगैरे जे तासभर चालते त्याने स्नायू भरतात, थकवाही येतो, पण रॉड छातीवरून वर ढकलण्याच्या कसबात त्याने फारशी भर पडत नाही.

अभ्यास न करता दर सोमवारी वार्षिक परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यासारखी तुमची गत झाली आहे. निकाल दरवेळी तोच लागतो आणि विद्यार्थ्याला वाटते की आपल्याला बुद्धीच नाही. जड एकेरी रेप वाईट असतात असे मी म्हणत नाही. ९० टक्क्यांच्या आसपासचा, स्वच्छ, ताबा न सुटलेला एक रेप अधूनमधून करणे उपयोगाचेच असते. घात होतो तो फसलेल्या आणि दुसऱ्याने उचलून दिलेल्या रेपनी, कारण त्यांतून शरीर चुकीच्या मार्गाने धडपडायला शिकते आणि खांद्यावर भार येतो. तुमचा खांदा कधी दुखू लागला हे आठवून पाहा. सपोर्टने ८२.५ करायला लागल्यानंतरच दुखणे सुरू झाले असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मित्राचा विषय मी लवकर आटोपतो. त्याचे वजन तुम्ही लिहिलेले नाही आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. बेंच प्रेस ज्या खेळात असतो त्या पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत पुरुषांचे ५९, ६६, ७४, ८३, ९३ किलो असे वजनगट असतात आणि ते उगाच पाडलेले नाहीत. मित्र ९० किलोंचा असेल तर तुमच्यापेक्षा दोन गट वर खेळेल. त्याच्या ९५ शी तुमच्या ८० ची तुलना केली तर आपल्या वजनाच्या मानाने तुम्हीच पुढे आहात. हातांची लांबी, छातीचा घेर यांचाही फरक पडतो. लांब हातांच्या माणसाला रॉड जास्त अंतर ढकलावा लागतो, हे खरे आहे. मात्र शरीराच्या ठेवणीने ‘मी त्याच्यापेक्षा कमी का’ या प्रश्नाचे थोडेफार उत्तर मिळते. ‘मी माझ्याच आठ महिन्यांपूर्वीच्या आकड्यावर का’ याचे मिळत नाही. तुमचे हात काही या आठ महिन्यांत लांब झालेले नाहीत.

पहिल्या वर्षाचा वेगही डोक्यातून काढून टाकावा लागेल. सुरुवातीच्या महिन्यांत वजन भराभर वाढते, त्यातला मोठा वाटा मेंदू आणि मज्जातंतू ती हालचाल शिकत असतात त्याचा असतो. स्नायू सावकाश मागून येतात. ते शिकून झाले की पुढची वाढ स्नायूंच्या गतीने होते. तुमच्या टप्प्यावर दोन महिन्यांत अडीच किलो वाढले तरी वर्षाला १५ किलो होतात, आणि तसे झाले तर पुढच्या वर्षी मित्रच या सदराला पत्र लिहील.

वेळापत्रक बदलायचे का, याचे उत्तर ‘होय, पण सगळे नाही’ असे आहे. आठवड्यातून एकदाच्या ऐवजी दोनदा बेंच करा. मंगळवार आणि शुक्रवार निवडा, कारण सोमवारी बेंच रिकामा मिळतच नाही आणि मागे तिघे ताटकळत उभे असताना कोणीही सेटमध्ये पुरेशी विश्रांती घेत नाही. एक दिवस जड, दुसरा हलका. दोन्ही दिवसांत मिळून छातीचे बेंचखेरीज एखाद-दुसरेच व्यायामप्रकार ठेवा; डिक्लाइन आणि केबल सध्या गेले तरी चालतील. सोडलेल्या वेळात पाठीचा व्यायाम वाढवा, त्याचे कारण पुढे येईल.

जड दिवसाचा वॉर्मअप असा ठेवा : रिकाम्या रॉडचे १०, ४० किलोंचे ५, ५० चे ३, ६० चे २. बस. यातला एकही सेट दमवणारा नको. त्यानंतर पहिल्या आठवड्यात ६२.५ किलोंचे पाच-पाच रेपचे पाच सेट करा. ते सोपे वाटतील आणि वाटायलाच हवेत. दुसऱ्या आठवड्यात ६५ चे पाच सेट, पुन्हा पाच-पाच रेप. तिसऱ्या आठवड्यात ६७.५ चे पाच सेट, पण चार-चार रेप. चौथा आठवडा मुद्दाम हलका, ६० किलोंचे तीन-तीन रेपचे तीन सेट करून घरी जायचे. पाचव्या आठवड्यात पुन्हा ६५ चे पाच-पाच. या वेळी ते दुसऱ्या आठवड्यापेक्षा हलके वाटले तर समजा की गाडी रुळावर आहे. सहाव्यात ७० चे तीन-तीन रेपचे पाच सेट, सातव्यात ७२.५ चे तीन-तीन रेपचे चार, आठव्यात ७५ चे दोन-दोन रेपचे तीन. नववा आठवडा हलका आणि त्याच्या शेवटी, दोन-तीन दिवस पूर्ण विश्रांती घेऊन, कमाल वजनाची परीक्षा. तोपर्यंत ८० ला हात लावायचा नाही. हेच तुम्हाला सर्वांत कठीण जाईल.

हलक्या दिवशी ५० ते ५५ किलोंचे आठ-आठ रेपचे चार सेट, रॉड छातीवर आणून एक सेकंद थांबवून मगच वर. त्यानंतर हातांतले अंतर थोडे कमी करून ४५-५० किलोंचे तीन सेट केले की ट्रायसेप्सचेही (दंडाच्या मागच्या स्नायूंचेही) काम होते. दोन्ही दिवशी नियम एकच : सेट संपला तेव्हा अजून एक-दोन रेप अंगात शिल्लक असले पाहिजेत. जोडीदार मागे उभा राहील, पण वर ढकलताना रॉड पुन्हा खाली येऊ लागल्याशिवाय हात लावणार नाही, हे त्याच्याशी आधीच बोलून घ्या. जड दिवशी दोन सेटमध्ये तीन ते पाच मिनिटे विश्रांती हवी. व्यायामशाळेत पाच मिनिटे बसलेला माणूस आळशी दिसतो हे मान्य आहे; दिसू द्या.

या काळात प्रगती मोजायची असेल तर ६५ किलो जास्तीत जास्त किती वेळा जातात, हे हलक्या आठवड्यानंतर एकदा पाहा. मघाच्याच हिशेबाने ६५ चे सात रेप म्हणजे सुमारे ८०, आणि नऊ झाले की ८४.५. म्हणजे जड रॉडखाली न जाता तुम्हाला कळेल की ताकद वाढली आहे. दहापेक्षा जास्त रेपना मात्र हा हिशेब लावू नका, तिथे तो भरवशाचा राहत नाही.

वजन वाढवण्याच्या टप्प्याबद्दल इतर वाचकांसाठीही एक सांगण्यासारखे आहे. बहुतेक व्यायामशाळांत सर्वांत लहान प्लेट सव्वा किलोची असते, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून कमीत कमी अडीच किलो वाढतात. ८० किलोंवर ही वाढ तीन टक्क्यांची आहे, पण ३० किलोंचा बेंच करणाऱ्या एखाद्या बाईंना तीच आठ टक्क्यांहून अधिक पडते, आणि मग त्यांना वाटते की आपण अडकलो. अर्ध्या किलोच्या दोन प्लेट स्वतःच्या पिशवीत ठेवल्या तर हा प्रश्न मिटतो. त्या बाजारात मिळतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. तसेच, सगळे रॉड २० किलोंचे असतात हा समज सोडा. स्थानिक बनावटीचा रॉड १५ चा असू शकतो, प्लेटवरचा आकडाही थोडाफार खोटा असू शकतो. एकदा वजनकाट्यावर खात्री करून घ्या आणि नंतर शक्यतो त्याच रॉडवर व्यायाम करा, नाहीतर व्यायामशाळा बदलली की ताकदही बदलल्याचा भास होतो.

आता पद्धत. मोबाइल बेंचच्या उंचीवर बाजूला टेकवून एका सेटचे चित्रीकरण करा आणि चार गोष्टी पाहा. एक, झोपल्यावर दोन्ही खांद्यांची पाती मागे आणि खाली ओढून बेंचवर दाबलेली आहेत का. रॉड स्टँडवरून उचलताना ती सुटतात, म्हणून उचलून देण्यापुरता जोडीदार जरूर घ्या. दोन, रॉड मनगटाच्या बरोबर वर, तळहाताच्या बुंध्यावर आहे की बोटांकडे सरकून मनगट मागे दुमडले आहे. तीन, रॉड खाली असताना कोपरे खांद्यांच्या सरळ रेषेत बाहेर फाकली आहेत का. ती धडापासून साधारण ४५ ते ७० अंशांत असावीत आणि समोरून पाहिले तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभा दिसावा. चार, रॉड छातीवर कुठे टेकतो. गळ्याच्या बाजूला, छातीच्या वरच्या भागावर टेकत असेल तर खांदा दुखण्याचे कारण मिळाले असे समजा. तो स्तनाग्रांच्या रेषेवर किंवा किंचित खाली टेकवावा आणि तिथून वर जाताना थोडा खांद्यांकडे झुकत जावा. बेंच प्रेस सरळ उभ्या रेषेत होतो असे बऱ्याच जणांना वाटते. चांगल्या खेळाडूंच्या रॉडची वाट किंचित वळणाची असते.

पाय घट्ट रोवलेले हवेत. बेंच उंच वाटत असेल तर पायांखाली प्लेट ठेवा. श्वास खाली येण्यापूर्वी भरून घ्यावा आणि रॉड अवघड जागा ओलांडून गेल्यावर सोडावा. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी मात्र श्वास कोंडून जड वजन उचलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेला असावा, यात मी कोणतीही सवलत देत नाही. पहाटे एकटेच व्यायाम करणाऱ्यांनी पॉवर रॅकच्या (रॉड ठेवायच्या लोखंडी चौकटीच्या) आडव्या सेफ्टी दांड्या छातीच्या किंचित खाली येतील अशा लावाव्यात. तशी सोय नसेल तर त्या दिवशी डंबेल वापरावेत.

रॉड छातीपासून थोडा वर येऊन मधेच थांबतो, तेव्हा ‘माझे ट्रायसेप्स कमजोर आहेत’ असे निदान लगेच केले जाते. घाई करू नका. जवळजवळ प्रत्येकाचा रॉड त्याच टापूत मंदावतो. तिथे तो पोहोचेपर्यंत खालून मिळालेला वेग संपलेला असतो. त्यामुळे खालून ताबा ठेवून, थांबून, जोरात सुरुवात करण्याचा सराव बहुतेकांना जास्त फळतो, आणि हलक्या दिवशी एक सेकंद थांबायला सांगितले ते त्यासाठीच.

खांद्याकडे वळू. तुमच्या पत्रात छातीचे पाच व्यायामप्रकार आहेत आणि पाठीचा उल्लेखच नाही. ढकलण्याचे जितके सेट तुम्ही बेंचवर करता, निदान तितके सेट ओढण्याचेही हवेत : वाकून रॉड रोइंग, एका हाताचे डंबेल रोइंग, पुलअप. पाठ भक्कम असली की बेंचवर झोपायला पक्की बैठक मिळते. खांदा दुखतो तोपर्यंत फ्लाय बंद ठेवा, हातांतले अंतर एक-दोन बोटे कमी करा आणि हलक्या दिवशी तळवे एकमेकांसमोर ठेवून डंबेल प्रेस करून पाहा. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हातात मुंग्या येत असतील, हात वर नेताना जोरच लागत नसेल किंवा दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट गाठा आणि वर दिलेले आठवडे तोपर्यंत थांबवा.

पाळीचे काम ही तुमची खरी अडचण आहे आणि तुम्ही ती पत्राच्या शेवटी एका वाक्यात उरकली आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप तुटते आणि त्या आठवड्यात जड दिवस मनासारखा होणार नाही, हे गृहीत धरूनच आखणी करा. हलका आठवडा शक्यतो रात्रपाळीच्या आठवड्यावर आणा; क्रम एखाद्या आठवड्याने पुढे-मागे झाला तर काहीही बिघडत नाही. व्यायामशाळेत जाणेच झाले नाही तर घरी जोर मारा, पाय पाटावर आणि पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घेऊन. आपल्या तालमींत शेकड्याने जोर मारण्याची परंपरा आहे. त्याने दम आणि चिवटपणा येतो, पण कमाल ताकदीसाठी थोडे आणि जड हेच सूत्र लागू पडते, म्हणून सॅक.

खाण्याबद्दल माझा पहिला प्रश्न असा आहे की तुमचे वजन गेल्या वर्षभरात किती वाढले? पत्रावरून वाटते की ते ६८ वरच आहे, कारण लग्नाआधी पोट सुटू नये ही काळजी तुम्ही व्यक्त केली आहे. ती समजण्यासारखी आहे, पण पोट जराही वाढू द्यायचे नाही आणि बेंच मात्र वाढवायचा, या दोन इच्छा एकमेकींच्या वाटेत येतात. महिन्याला पाव ते अर्धा किलो वजन वाढू द्या. कपड्यांच्या मापात त्याने काही फरक पडणार नाही.

प्रथिनांचे प्रमाण ताकदीचा व्यायाम करणाऱ्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम धरतात, म्हणजे तुम्हाला ११० ग्रॅमच्या आसपास हवीत. ‘आम्ही रोज वरण-भात खातो’ असे तुम्ही लिहिले आहे. पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅमच प्रथिने असतात. शाकाहारात हा आकडा गाठता येतो, पण ठरवून गाठावा लागतो. अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमधून १८, कोरडे मोजलेल्या ५० ग्रॅम सोया वड्यांतून २६, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, घट्ट डाळ किंवा उसळीच्या दोन वाट्यांतून १४, चार पोळ्यांतून १४ आणि वाटीभर दह्यातून ५. बेरीज १०५ होते आणि भात अजून धरलेलाच नाही. सोया वड्या घरात कोणाला आवडत नाहीत असे असेल तर व्हे प्रथिनाचा (दुधापासून काढलेल्या प्रथिनाच्या पावडरीचा) डब्यातल्या मापाचा एक चमचा तेच काम करतो. तो खुराक आहे, औषध नाही. डबा सीलबंद आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असलेला घ्या. पूरक पदार्थांपैकी पैसे खर्चण्याजोगा दुसरा एकच आहे, क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम. त्याने स्नायूंत पाणी धरले जाऊन वजन किलोभर वाढू शकते आणि रक्ततपासणीत क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम जोखण्याचा, आकडा थोडा वर दिसू शकतो, म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांना ते घेत असल्याचे सांगा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. बाकी रंगीबेरंगी डबे दुकानातच राहू द्या.

आता तो कोर्स. तुमच्या सरांचा हेतू वाईट आहे असे मी धरून चालत नाही, पण आठवड्याला पाच जड रेप करणाऱ्या माणसाला ‘शरीराची मर्यादा आली’ असे सांगणे मला अजिबात पटत नाही. मर्यादा कुठे आहे हे अजून कोणी पाहिलेलेच नाही. या इंजेक्शनांत बहुधा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्यासारखी संप्रेरके असतात. ती बाहेरून आली की शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन तयार करणे थांबवते, वृषणे आकसतात आणि शुक्राणूंची संख्या घटते, कधी शून्यापर्यंत. बंद केल्यावर ती पूर्ववत व्हायला अनेक महिने लागतात आणि प्रत्येकाच्या बाबतीत ती पूर्ण होतेच असे नाही. चांगले कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाब वाढतो, हृदयाचा स्नायू जाड होऊ शकतो, पुरुषांच्या छातीत गाठी येऊ शकतात. तुमचे लग्न तोंडावर आले आहे. ज्या मुलीशी ते ठरले आहे तिला ही गोष्ट सांगून कोर्स करायची तुमची तयारी आहे का, एवढे स्वतःला विचारा. शिवाय ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. व्यायामशाळेच्या कपाटातून निघालेल्या बाटलीत नेमके काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसते. सरांना नाही म्हणणे अवघड वाटत असेल तर ‘दोन महिने हा क्रम करून बघतो, मग बोलू’ असे म्हणा. त्यांचाही मान राहतो आणि विषय पुढे ढकलला जातो. ज्या वाचकांनी अशी इंजेक्शने आधीच सुरू केली आहेत, त्यांनी स्वतःच्या मनाने मात्रा कमी-जास्त करण्यापेक्षा अंतःस्रावतज्ज्ञांकडे जाऊन सगळे खरे सांगावे. डॉक्टर पोलिसांना कळवतील ही भीती अनाठायी आहे.

नवव्या आठवड्यातल्या परीक्षेसाठी पॉवरलिफ्टिंगचे नियम लावा. डोके, खांदे आणि नितंब बेंचला टेकलेले, पाय जमिनीवर, दोन्ही तर्जन्यांमधले अंतर ८१ सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही. चांगल्या रॉडवर त्यासाठी कोरलेली खूण असते. रॉड छातीवर आणून स्थिर करायचा आणि जोडीदाराने ‘प्रेस’ म्हटल्यावरच ढकलायचा. मधे कोणाचा हात लागला तर तो प्रयत्न बाद. रिकाम्या रॉडनंतर ४० चे ५, ५५ चे ३, ६५ चे २, ७२.५ चा १ करा आणि प्रत्येक वेळी पुरती विश्रांती घ्या. पहिला प्रयत्न ७७.५ चा, दुसरा ८२.५ चा. तो स्वच्छ गेला तर तिसरा ८५ चा. ओढाताण झाली तर अर्ध्या किलोच्या प्लेट जोडून ८३.५ चा. स्पर्धेतही प्रत्येकाला तीनच प्रयत्न मिळतात, तेव्हा चौथा करू नका. दुसराच प्रयत्न फसला तर तिथेच थांबा, दोन्ही प्रयत्नांचे चित्रीकरण आणि नऊ आठवड्यांची वही जपून ठेवा, आणि मला पुन्हा लिहाल तेव्हा त्यातले आकडे याच तपशिलाने कळवा. वहीत झोपेचे तास आणि पाळी कोणती होती हेही लिहिलेले असू द्या.